एका रकान्यातला समाज

आपल्या राज्यातील मुसलमान समाजाविषयी शासनाच्या दप्तरात जे काही सविस्तर लिखाण साठलेले आहे, ते एकत्र करून कालानुक्रमाने मांडले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते; ती ही की, त्यातील बहुतेक सारे लिखाण एकतर दंग्यानंतर झालेले आहे, नाहीतर आरक्षणाच्या मागणीनंतर. १९७० च्या मे महिन्यात भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगे झाले, म्हणून न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९९२-९३ साली मुंबई पेटली, म्हणून न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग बसला आणि त्याचा अहवाल १९९८ साली विधिमंडळापुढे आला. दुसऱ्या अंगाने पाहावे, तर केंद्राने २००५ साली न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर यांची समिती नेमली आणि तिच्या पाठोपाठ २००८ साली राज्याने महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. ही सारी कागदपत्रे मोलाची आहेत. परंतु दंग्याचा आयोग साक्षीदाराला जे प्रश्न विचारतो ते, आणि मागासलेपणा मोजणारी समिती गृहस्थाला जे प्रश्न विचारते ते, हे दोन्ही एकत्र केले तरी त्यांत एका समाजाचे नित्याचे जीवन मावत नाही. आणि ज्या मुलखात दंगाही झाला नाही व मोर्चाही निघाला नाही, तेथला मुसलमान तर या दप्तरात शोधूनही सापडत नाही.

पालघर हा असा मुलूख आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. आणि देशाची शेवटची खानेसुमारी २०११ ची, म्हणजे त्याच्या तीन वर्षे आधीची. तेव्हा पालघर जिल्ह्यात मुसलमान किती, हा साधा प्रश्न ज्याला पडेल, त्याने जुन्या ठाणे जिल्ह्याच्या तक्त्यांतून तलासरी, डहाणू, पालघर, वसई, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा अशा आठ तालुक्यांचे आकडे वेचून स्वतःच बेरीज करावयाची आहे. त्या बेरजेने जिल्ह्याची एकूण वस्ती सुमारे ३० लाख भरते आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३७ टक्क्यांहून अधिक निघते. आदिवासींच्या बाबतीत खानेसुमारी येथेच थांबत नाही. वारली किती, कोकणा किती, काथोडी किती, मल्हार कोळी किती, असा जमातवार हिशेब ती देते. मुसलमानांसाठी मात्र एकच रकाना आहे. वाड्याच्या बाजूचा पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारा कोकणी मुसलमान, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या हौदाशी बारा तास उभा राहणारा पूर्वांचलचा अन्सारी, पालघरच्या बाजारातला गुजराती बोलणारा व्यापारी, आणि मुंबईतले घर परवडेना म्हणून नालासोपाऱ्यास येऊन राहिलेला कारकून, हे सगळे त्या एका रकान्यात शेजारी शेजारी बसविले जातात. आणि मग त्यांची जी सरासरी निघते, तिच्यावर भाषणे होतात.

माझे म्हणणे थोडक्यात हे आहे की, मुसलमान समाजाचे संशोधन आपण आजवर फिर्यादी आणि बचाव यांच्या सोयीसाठी केले. ते आता तालुक्यापर्यंत, मोहल्ल्यापर्यंत आणि बिरादरीपर्यंत नेले पाहिजे, आणि पालघर-बोईसरसारख्या ठिकाणी, जेथे जुना व नवा असे दोन मुसलमान समाज एकमेकांस लागून नांदत आहेत, तेथून त्याचा आरंभ केला पाहिजे.

या मुलखातील मुसलमानांविषयीचा अतिशय जुना असा जो एक सामाजिक दस्तऐवज आपल्या हाती आहे, तो मोठा उद्बोधक आहे. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी म्हणून जे गाव आहे, तेथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले व दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतला आहे. संजाणच्या मंडलावर त्या वेळी जो अधिकारी होता, तो ताजिक म्हणजे अरब कुळातला. त्याचे नाव मधुमती, म्हणजे संस्कृत वेष चढविलेला मुहंमद, आणि दुसरे नाव सुगतिप. दुसऱ्या कृष्णाने त्याला हे मंडल सांभाळावयास दिले होते. त्याच्या अमदानीत दोन प्रवाहांवर मोफत नावा चालत असत आणि संजाणास एक अन्नसत्र होते, जेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट वाढले जाई, असे त्या पटात लिहिले आहे. हा पट ज्या निमित्ताने कोरला गेला, ते निमित्त तर याहून बोलके: एका ब्राह्मणाने देवीच्या देवळाजवळ बांधलेल्या मठिकेस नैवेद्यासाठी व अन्नदानासाठी गाव तोडून देण्याचे ते दानपत्र आहे, आणि ते देणारा हा मुसलमान अधिकारी आहे. त्यानंतर शतकभराने, शके ९५६ मध्ये, चामुंडराजाच्या चिंचणी येथीलच ताम्रपटात संजाणच्या व्यापाऱ्यांच्या मेळ्यातील प्रमुख म्हणून अल्लिय, महर, मधुमत अशी नावे येतात. पहिल्या पटाच्याच काळात, हिजरी ३०४ म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, अल्-मसूदी चौलास आला आणि तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान आहेत, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आहेत व हिंदुस्थानात जन्मलेलेही आहेत, असे त्याने टिपून ठेवले. बाहेरून आलेला आणि इथे जन्मलेला हा भेद हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रवाशाला नोंदण्याजोगा वाटला. आमच्या तक्त्यांना तो अद्याप वाटत नाही.

जुन्या काळी सारेच सामंजस्य होते, असे या ताम्रपटावरून सिद्ध करावयाचा मोह पुष्कळांना होईल; तो आवरावा. एका अंमलदाराच्या दानशूरपणावरून समाजाची अवस्था ठरत नाही, आणि अंमलदारांची स्तुती करणारे लेख अंमलदारांनीच लिहवून घेतलेले असतात. त्या पटाची खरी किंमत निराळी आहे. नाव, वंश, हुद्दा, नावा, अन्नसत्र, मठिका आणि गाव असा ठोस तपशील त्यात आहे. आजच्या एखाद्या अहवालात बोईसरच्या मुसलमानाविषयी इतका तपशील मिळाला, तरी मी स्वतःस भाग्यवान समजेन.

अरबी समुद्राच्या या जुन्या व्यवहारातून जो समाज घडत गेला, तो कोकणी मुसलमानांचा. त्यांच्याविषयी एक गोष्ट घाटावरच्या मराठी वाचकास बहुधा ठाऊक नसते. ती म्हणजे हा समाज शाफई पंथाचा आहे. उत्तर हिंदुस्थानातील आणि दख्खनेतील बहुसंख्य मुसलमान हनफी. येमेन, पूर्व आफ्रिका, मलबार आणि जावा यांच्या किनाऱ्यावर शाफई पंथच प्रबळ आहे. अर्थात कोकणी मुसलमानाचे धर्मशास्त्र त्याला दिल्लीपेक्षा समुद्राच्या पलीकडील बंदरांशी अधिक जवळचे करते. हा भेद केवळ ग्रंथातला नव्हे. असरच्या नमाजाची वेळ शाफई मताने वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली म्हणजे होते, हनफी मताने ती दुप्पट झाली म्हणजे. म्हणून दोन मशिदींतल्या दोन अजानांत अंतर पडते. समुद्रातील शेवंड, माखली, तिसऱ्या शाफई माणूस निःशंक खातो; कट्टर हनफी माशाखेरीज अन्य जलचर वर्ज्य मानतो. एकाच वसाहतीत राहून, एकाच मासळीबाजारात जाऊन दोन मुसलमान कुटुंबे निरनिराळी टोपली भरून येतात, याचे कारण शोधणाऱ्या संशोधकाला समाजशास्त्राचे पुष्कळसे शिक्षण त्या बाजारातच मिळेल. मच्छी विकणारी मांगेलीण हा भेद अचूक जाणते, असे मला वाटते. फक्त तिला कोणी विचारीत नाही.

कोकणी मुसलमानाच्या घरात बोलली जाणारी बोली मराठीचीच एक बोली आहे. मुलगा उर्दू शाळेत जात असला तरी आजीशी तो याच बोलीत भांडतो. खोत, काजी, खतीब, मुल्ला, पाटील ही त्याची आडनावे गावाच्या जुन्या महसुली व धार्मिक वतनांची साक्ष देतात. १८८२ साली कॅम्पबेलच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये मुसलमानांच्या निरनिराळ्या जाती, त्यांचे धंदे, पोशाख व आचार यांचे वर्णन आहे. त्या वर्णनात साहेबी तुच्छता आणि ठोकळेबाजपणा जागोजाग आहे, हे खरे. पण मुसलमान म्हणजे एकजिनसी गोळा नव्हे, इतके त्या गोऱ्या अंमलदारास समजले होते. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक ए. आर. मोमीन यांनी भिवंडीच्या मुसलमानांचा अभ्यास केला, आणि १९७३ साली इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांतील जातिव्यवस्थेवर निरनिराळ्या अभ्यासकांचे लेख एकत्र करून ग्रंथ काढला, तेव्हा धर्मग्रंथातली समता आणि मोहल्ल्यातली उच्चनीचता यांच्यामधले अंतर पद्धतशीरपणे चर्चेत आले. ही परंपरा वाढावयास हवी होती. ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांत राहिली, आणि मराठीत तर फारच थोडी उतरली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी मराठीत जे लिहिले व १९७० साली पुण्यास मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढून जे केले, ते मोठेच होते. पण तो सुधारकाचा उद्योग होता. सुधारकास समाज बदलावयाचा असतो, त्याने मोजणी करीत बसावे ही अपेक्षा अन्यायाची होईल. मोजणाऱ्यांनी मोजले नाही, ही खरी तक्रार आहे.

आता बोईसर. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, आशियातील अगदी पहिल्या अणुवीजकेंद्रांपैकी एक. आणि पाठोपाठ औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, जीत आज रसायने, औषधे, पोलाद आणि कापडप्रक्रिया यांचे हजाराहून अधिक कारखाने आहेत. वसाहतीचे नाव तारापूर, स्थानक बोईसरचे, आणि वस्ती सरावली, खैरापाडा, पास्थळ, सालवड अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत पसरलेली. गाव शहराएवढे वाढले, पण कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींकडे राहिला. त्यामुळे येथला कामगार नागरी म्हणावा की ग्रामीण, हे शासनालाही धडपणे सांगता येत नाही. या कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेल्यांचा भरणा मोठा, आणि त्यांत मुसलमानांची संख्या लक्षणीय. अवधनगर हे वस्तीचे नावच आपली जन्मकथा सांगते. भंगाराचा धंदा, वेल्डिंग, शिवणकाम, बेकरी, गॅरेज, ट्रकची वाहतूक आणि ठेकेदाराकडची हंगामी मजुरी यांवर ही वस्ती जगते. घर बहुधा भाड्याची खोली, भाडेकरार बहुधा तोंडी.

या वस्तीचे संशोधन करावयाचे म्हटले, तर सरकारी पाहण्या किती अपुऱ्या आहेत हे कळते. राष्ट्रीय नमुना पाहणीतील घरांची संख्या राज्यापुरते निष्कर्ष काढण्यास पुरते; एका जिल्ह्यातील एका धर्माच्या एका थराविषयी बोलण्यास ती पुरत नाही. जो मनुष्य बारा तासांच्या पाळीत आहे, तो दिवसा घरी सापडत नाही. जो छठला, ईदला वा धानाच्या कापणीला गावी गेला आहे, तो येथेही मोजला जात नाही आणि तेथेही कधी कधी सुटतो. त्यात २०१९-२० च्या नागरिकत्वाच्या वादानंतर दारावर कागद घेऊन येणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. नाव, बापाचे नाव, मूळ गाव, हे तीन प्रश्न विचारताच दार अर्धे लोटले जाते, यात दार लोटणाऱ्याचा दोष मला दिसत नाही.

सरासरी कशी फसवते, याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २००१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील एकंदर साक्षरता ७६.९ टक्के होती आणि मुसलमानांची ७८.१ टक्के. हा आकडा हाती घेऊन कोणी म्हणेल, मुसलमान तर पुढेच आहेत, मग ओरड कसली? परंतु महाराष्ट्रातील सुमारे ७० टक्के मुसलमान शहरांत राहतात, आणि शहरात साक्षरता अधिक असतेच. तेव्हा शहराची तुलना शहराशी केली पाहिजे, आणि ती केली की चित्र पालटते. अक्षरओळखीच्या पुढची पायरी पाहिली की ते अधिकच पालटते. महमूदुर रहमान समितीने २०१३ साली अहवाल दिला, त्यात पदवीधर मुसलमानांचे प्रमाण २.२ टक्के आणि सरकारी नोकरीतले ४.४ टक्के सांगितले आहे. सच्चर समितीने २००६ साली साऱ्या देशाचा हिशेब मांडला, तेव्हा लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के आढळला. आणि मदरशांत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण, ज्यावर एवढा गदारोळ होतो, ते अवघे ३-४ टक्के निघाले. सच्चर अहवालाने केलेले सर्वांत मोठे काम हे शेवटचे आहे, असे माझे मत आहे. कारण दोन्ही बाजूंच्या वक्त्यांची आवडती समजूत त्याने एका आकड्याने निकालात काढली.

पण त्या अहवालांचे पुढे झाले काय? २०१४ च्या जुलैत राज्य सरकारने अध्यादेश काढून मुसलमानांतील मागास वर्गास ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणास स्थगिती दिली, शिक्षणातले तेवढे राहू दिले. आणि वर्ष संपता संपता अध्यादेशाची मुदत सरली, तो पुन्हा काढला गेला नाही. त्याबरोबर अहवालाची चर्चाही सरली. ज्या अभ्यासासाठी इतकी माणसे गावोगाव फिरली, तो एका दाव्याच्या पुराव्याइतकाच वापरला गेला आणि दावा निकालात निघताच फाईल बांधून ठेवली गेली. आरक्षण असावे की नसावे, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर प्रामाणिक मतभेद संभवतात. परंतु बोईसरच्या मुली दहावीनंतर शाळा का सोडतात, हे जाणून घेण्यास आरक्षणाच्या निकालाची वाट पाहावी लागू नये.

धर्म एकच असला म्हणजे समाजही एकच असतो, ही समजूत जगातील मुसलमानबहुल देशांच्या अभ्यासाने कधीच मोडीत काढली आहे. क्लिफर्ड गीअर्ट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने जावामधील एका गावी आणि पुढे मोरोक्कोतील सेफ्रू येथे राहून काम केले आणि १९६८ साली या दोन देशांची तुलना करणारे छोटेसे पुस्तक लिहिले. कलमा एकच, परंतु एकीकडे संयमी, समन्वयशील, तर दुसरीकडे तडफदार, वीरवृत्तीचा असा धर्मानुभव, हे त्याने दाखविले. त्याची मांडणी अतिसुबक आहे, अशी टीका पुढे झाली, ती वाजवीही आहे. पण लोकसंख्येचे आकडे त्याहून रोखठोक आहेत. बांगलादेशात सत्तरीच्या दशकात दर स्त्रीमागे सहाहून अधिक मुले होत, ती आज दोन-सव्वादोनच्या आसपास आली. इराणात ऐंशीच्या दशकारंभी सहाहून अधिक होती, ती वीस वर्षांत दोनवर आली. शेजारच्या पाकिस्तानात ती अजून तीनच्या वर आहे. तिन्ही देश मुसलमानबहुलच. भारतातील मुसलमान स्त्रियांचा हाच आकडा १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४.४ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत २.३६ वर आला. ज्यांना या विषयावर व्हॉट्सअॅपवरून निरोप येतात, त्यांनी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

माहिती नसली की तिची जागा रिकामी राहत नाही, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेने चिथावलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. ते क्रौर्य निर्विवाद होते. परंतु त्या बातमीबरोबर देशभर जी दुसरी अफवा पसरली, तीत या हत्येला धर्माचा रंग चढविला गेला. इतका की, अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून तीत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. ज्या टापूत आदिवासींची वस्ती जवळजवळ सर्वत्र आहे, तेथे असे काही घडले म्हणजे मुसलमानांनीच केले असणार, असे दिल्लीत बसलेल्या माणसास वाटले, याचे कारण द्वेष एवढेच नव्हे. पालघरात कोण राहते, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

बिरादरीनिहाय मोजणीला विरोध होईल, आणि तो मुसलमान पुढाऱ्यांकडूनच आधी होईल. आम्हांस फोडण्याचा हा डाव आहे, असे ते म्हणतील. त्यांच्या शंकेला इतिहासात आधार नाही असे नाही; पण अन्सारी, कुरेशी, मन्सुरी, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, फकीर, छप्परबंद यांची नावे जेव्हा मागासवर्गीयांच्या यादीत घालण्याची वेळ आली, तेव्हा याच समाजातील कार्यकर्त्यांनी जालन्यापासून मुंबईपर्यंत चळवळ केली होती, हेही विसरता येत नाही. खानदेशातील तडवी भिल्ल हे मुसलमान असूनही अनुसूचित जमातीत आहेत. उलट, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील मुसलमानांना १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींबाहेर ठेवले. कायद्याच्या दृष्टीने मुसलमान समाज आजच अनेक तुकड्यांत आहे. मोजणीने फूट पडत नाही. ती पडलेली आहे तेथे दिसते, इतकेच.

मग हे काम करावे कसे? त्यासाठी परदेशी अनुदान नको आणि दिल्लीची संस्थाही नको. साधने जागेवरच आहेत. काजींकडे निकाहाच्या नोंदवह्या असतात. त्यांत वधूवरांची वये, राहण्याचे ठिकाण, मेहेरची रक्कम, साक्षीदार आणि सह्या असतात. अंगठा कोठे आणि सही कोठे, एवढे पाहिले तरी तीन पिढ्यांच्या स्त्रीशिक्षणाचा आलेख हाती येईल. युरोपातील इतिहासकारांनी चर्चच्या विवाहनोंदींवरून साक्षरतेचा इतिहास याच रीतीने लिहिला आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी व उर्दू शाळांच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थान, जात आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने आहेत. त्यांतला शेवटचा रकाना हा कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा अधिक प्रामाणिक असतो. तलाठ्याकडचे फेरफार सांगतील की, कोकणी मुसलमानांच्या जमिनी कोणत्या दशकात आणि कोणाकडे गेल्या. दफनभूमीची नोंद सांगेल की, परप्रांतातून आलेला मनुष्य मेल्यावर इथेच पुरला जाऊ लागला तो केव्हापासून. कारण त्या क्षणापासून तो पाहुणा राहत नाही.

हे वाचणारे हात स्थानिक असावेत. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि चिंचणीचे पी. एल. श्रॉफ महाविद्यालय येथे शिकणाऱ्या मुलामुलींना मराठी येते, हिंदी येते, आणि त्यांच्यातील काहींना घरची कोकणी बोली येते. विशेषतः मुलींना हे काम द्यावे. ज्या दारापाशी पुरुष पाहणीदार थांबतो, त्याच्या आत स्वयंपाकघरापर्यंत त्या सहज जातील. आणि तयार झालेला अहवाल मराठीत लिहून, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या जमातीपुढे, उघड सभेत वाचून दाखवावा. चुकीचे असेल ते त्यांनी तेथेच सांगावे. ज्याच्या घरची माहिती आपण घेतो, त्याला ती परत न देणे ही एक प्रकारची चोरीच आहे, आणि समाजशास्त्राच्या नावाने ती फार काळ चालली.

केंद्र सरकारने जाहीर केल्याप्रमाणे पुढील खानेसुमारीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच तीत प्रत्येकाची जात विचारण्याची योजना आहे. पालघर जिल्ह्याची, जिल्हा म्हणून, ती पहिलीच मोजणी. म्हणून मशिदींच्या विश्वस्तांना, जमातींच्या प्रमुखांना आणि मोहल्ल्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मोजणीदार दारी येईल, तेव्हा जातीच्या प्रश्नापुढे नुसते ‘मुसलमान’ असे सांगून मोकळे होऊ नका, कोकणी असाल तर कोकणी, अन्सारी असाल तर अन्सारी, फकीर असाल तर फकीर असे स्पष्ट सांगा, आणि तो तसे लिहितो की नाही, हे त्याच्या यंत्रावर डोळ्यांनी पाहून घ्या.